वेष्टन फाडल्यानंतर

पावसाळ्यातील रविवारी सकाळी पुणे-सातारा महामार्ग सोडून नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता मोटारी व दुचाक्यांनी भरून जातो. कोणी तोरण्याला निघालेले असते, कोणी राजगडाला, तर कोणी मढे घाटातील धबधबा पाहायला. प्रत्येकाच्या पाठीवरील पिशवीत पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि बिस्किटांचे पुडे असतात. भाताची सुगी आटोपल्यावर याच रस्त्यावरून उलट दिशेने इंद्रायणी तांदळाची पोती पुण्याकडे येतात. या दोन मालांची तुलना केली, तर एक विसंगती लक्षात येते. वर जाणारा माल आधुनिक तंत्रज्ञानाला साध्य होईल तितका उत्तम बांधलेला असतो. खाली येणारा माल जेमतेम बांधलेला असतो. पहिल्याची वेष्टने डोंगरावरच राहतात आणि दुसऱ्याचा भाव बाजारात पडतो. दोन्हींचा तोटा एकाच तालुक्याच्या वाट्याला येतो.

वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. बोलण्यात मात्र अजूनही वेल्हे हेच नाव आहे. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचा, मुसळधार पावसाचा हा प्रदेश. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती आणि ती सर्व ग्रामीण होती. भात हे मुख्य पीक, जोडीला नाचणी-वरई, आणि उन्हाळ्यात करवंदे, जांभळे व आंबे हा रानमेवा. मोठा कारखानदारी पट्टा खाली महामार्गाच्या अंगाला, शिरवळ-खेड शिवापूरकडे. त्यामुळे 'पॅकेजिंग' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येणारे यंत्रांचे चित्र येथे लागू पडत नाही. तथापि वेष्टनाचा प्रश्न समजून घ्यायला याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

वेष्टनाने काय करावे, याची उत्तरे जुनीच आहेत. त्याने माल एकत्र धरावा, वाटेतील धक्के सोसावे, ओलावा, हवा, ऊन आणि कीड यांना रोखावे, उचलायला व मोजायला सोपे असावे आणि आत काय आहे ते खरेपणाने सांगावे. विक्रीसाठी आकर्षक दिसणे हे काम नंतरचे. पॅकेजिंगचे शास्त्र शिकविणारी 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग' ही संस्था मुंबईत १९६६ मध्ये स्थापन झाली. परंतु हे सारे हिशेब मावळातील आणि कोकणातील शेतकरी तिच्या किती तरी आधीपासून करीत होता. शेणाने सारवलेली बांबूची कणगी, कोकणातील पेंढ्याचा मुडा, बुरुडाने विणलेली करंडी ही सारी विचारपूर्वक निवडलेली वेष्टनेच होती. घाटरस्त्यावर पानांच्या द्रोणात करवंदे विकणारी बाई एक नेमका निर्णय घेत असते. करवंद तासा-दोन तासांत खाऊन संपणार आहे, तेव्हा द्रोणही तेवढाच वेळ टिकला तरी पुरे. माल किती काळ टिकवायचा आणि वेष्टन किती काळ टिकणार, यांचा मेळ त्या द्रोणात साधला आहे. आज बाजारात वेष्टन निवडताना नेमका हाच मेळ हरवला आहे.

पोत्यातला इंद्रायणी

प्रथम खाली येणाऱ्या मालाकडे पाहू. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोराच्या संकरातून विकसित केले आणि १९८७ मध्ये ते प्रसारित झाले. मावळ, मुळशी, भोर आणि वेल्हे या पट्ट्यात ते चांगलेच रुजले. पुणेकर ग्राहक या तांदळासाठी दोन पैसे जास्त मोजतो तो मऊ भातासाठी आणि त्याच्या वासासाठी. हा वास मात्र उडून जाणारा आहे. तांदूळ गिरणीतून बाहेर पडल्यापासून तो कमी होऊ लागतो आणि साध्या पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून तो सहज निसटतो, कारण पॉलिथिन पाण्याच्या वाफेला चांगले अडवते, पण प्राणवायूला आणि सुगंधी द्रव्यांना अडविण्यात ते दुबळे आहे.

तागाचे पोते ही याच्या अगदी उलट वस्तू. ते श्वास घेते, थप्पीला घसरत नाही, दहा वेळा वापरता येते आणि अखेरीस मातीत मिसळते. सरकारी धान्यखरेदीत तागाच्या पोत्यांचा आग्रह १९८७ च्या कायद्याने धरला, त्यामागे ताग उत्पादकांचे हित होते हे खरे. पण धान्याच्या दृष्टीनेही तो वावगा नव्हता. वेल्ह्यासारख्या ठिकाणी अडचण पावसाळ्याची आहे. चार महिने हवाच ओली असते आणि पोते ती आत घेते. तांदळातील ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी व सोंडे यांचे फावते. विणलेली प्लॅस्टिकची गोणी स्वस्त आणि मजबूत असली, तरी तिच्या विणीतून ओलावा आत जातोच. त्यात खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन धान्यासाठी वापरण्याची सवय ग्रामीण भागातून अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. ती केवळ अशोभनीय नव्हे, तर धोकादायक आहे.

हवाबंद पाकीट हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. तो योग्यही आहे, पण एका अटीवर. धान्यातील किडीची अंडी बहुधा शेतातून किंवा कोठारातूनच आलेली असतात. पाकीट खरोखर हवाबंद असेल, तर आतला प्राणवायू संपून कीड गुदमरते आणि कोणतेही औषध न घालता तांदूळ टिकतो. नायलॉन आणि पॉलिथिनच्या थरांच्या फिल्ममध्ये हवा काढून भरलेला, विटेसारखा कडक दिसणारा किलोचा पुडा हे काम करतो. परंतु तांदूळ नीट वाळलेला नसेल, तर हेच पाकीट घात करते. बंद पिशवी ओलावा आत येऊ देत नाही, तशी बाहेरही जाऊ देत नाही. वाळवणीत केलेली घाई कोणतेही महागडे पाकीट भरून काढू शकत नाही, हे भाताच्या पट्ट्यात बचत गटांना यंत्रे वाटणाऱ्या योजनांनी आधी सांगायला हवे.

तांदळाच्या बाबतीत वेष्टनाचे आणखी एक काम दुर्लक्षित राहते, ते ओळख देण्याचे. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही आंबेमोहोर म्हणून दुसऱ्याच जातीचा बारीक तांदूळ गळ्यात मारला जाण्याची तक्रार जुनी आहे. सुट्या पोत्यातील तांदळाला नाव असते, पण पुरावा नसतो. उत्पादकाचे नाव-गाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापलेले सीलबंद पाकीट हा तो पुरावा होऊ शकतो. २०११ च्या वैधमापन नियमांनी हा तपशील बंधनकारक केलाच आहे. खाद्यपदार्थ बनविणाऱ्या छोट्या उत्पादकाला, वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांच्या आत असेल तर, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत मिळते.

येथे धोरणातील एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधी बांधून लेबल लावलेल्या तांदळावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. सुटा तांदूळ करमुक्त राहिला. ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या गटाला नोंदणीची सक्ती नसल्याने त्याला हा कर भरावा लागत नाही, हे खरे. तथापि तो गट जरा मोठा होऊन दुकानांना माल पुरवू लागला, की नीट बांधणे आणि खरे लेबल लावणे हेच करपात्र कृत्य ठरते. स्वच्छ पाकिटाचा आग्रह धरायचा आणि त्यावरच कर बसवायचा, हे तर्कशास्त्र सामान्य शेतकऱ्याला पटवून देणे कठीण आहे.

पापड, लोणचे आणि स्टेपलरची पिन

पुण्यात डिसेंबरमध्ये भरणाऱ्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये महिला बचत गटांच्या ओट्यांवर नजर टाकली, तर अशा मालाची अवस्था ध्यानात येते. पदार्थ उत्तम असतात, पण नाचणीचे पापड पातळ पिशवीत घालून तोंडाशी स्टेपलरची पिन मारलेली असते. पिनेने पडलेली दोन भोके पापड सादळायला पुरेशी असतात, शिवाय पिन अन्नात जाण्याचा धोका वेगळाच. जाडसर पॉलिप्रॉपिलीनची पिशवी उष्णतेने सील केली, तर खर्च फारसा वाढत नाही. पापड तुटू नये म्हणून तिला पुठ्ठ्याच्या डब्याचा आधार द्यावा लागतो. ओलावा अडविणे आणि धक्का सोसणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकच वस्तू दोन्ही करील ही अपेक्षा चुकीची आहे.

करवंदाच्या लोणच्याला मात्र काचेच्या बरणीला पर्याय नाही, असे म्हटले तरी चालेल. मीठ आणि आंबटपणा पत्र्याला खातात. बरणीचे झाकणही आतून लेप दिलेले नसेल, तर काही महिन्यांत त्यावर गंज दिसू लागतो. काच जड आहे, घाटात फुटते, वाहतुकीत महाग पडते. पण ती रिकामी झाल्यावर कोणत्याही मराठी घरात फेकली जात नाही, साखरेला किंवा मेतकुटाला कामी येते. मध हवेतील ओलावा शोषतो, म्हणून त्यालाही घट्ट झाकणाची बरणीच बरी. जांभळाचे दुखणे निराळे. त्याला हवाबंद केले, तर ते स्वतःच्याच ओलाव्यात कुजते. त्याला उथळ, हवा खेळती ठेवणारी करंडी लागते आणि पुण्यापर्यंतचा प्रवास एका दिवसात व्हावा लागतो.

गटांना हे कळत नाही असे नव्हे. छापील पाकिटांसाठी छपाईचा खर्च इतका असतो की कारखानदार हजारोंच्या खाली मागणी स्वीकारत नाही. दोनशे पाकिटे हवी असणाऱ्या गटाच्या हाती साधी पिशवी आणि वर चिकटविलेली चिठ्ठी एवढेच उरते. पावसाळी हवेत चिठ्ठीवरची शाई पसरते आणि ग्राहकाला तारीखच वाचता येत नाही. तालुक्यातील सर्व गटांनी एकाच मापाची पाकिटे एकत्र छापून घ्यावीत आणि प्रत्येकाने आपले नाव-पत्ता तेवढा शिक्क्याने उठवावा, ही साधी सोय दूधसंघांची परंपरा असलेल्या जिल्ह्यात अशक्य नाही.

वर्तमानपत्राचा कागद हा या चर्चेतील अवघड विषय, आणि तो वर्तमानपत्रानेच मांडावा हे बरे. २०१८ मध्ये अधिसूचित आणि जुलै २०१९ पासून लागू झालेल्या अन्न-आवेष्टन नियमांनुसार खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्यास मनाई आहे, कारण छपाईच्या शाईतील द्रव्ये तेलकट पदार्थात उतरतात. वडापाव आणि भजी यांनी हा नियम वाचलेला दिसत नाही.

चकचकीत पाकिटाचे दुसरे आयुष्य

आता वर जाणाऱ्या मालाकडे. वेफर्सचे पाकीट हे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने थक्क करणारे वेष्टन आहे. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या थरावर छपाई असते. आतल्या थरावर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, आणि तो इतका पातळ की नुसत्या डोळ्यांना तो केवळ चमक म्हणून जाणवतो. हा मुलामा प्राणवायू, ओलावा आणि उजेड अडवतो. आत हवेऐवजी नत्रवायू भरलेला असतो, त्यामुळे तेल खवट होत नाही आणि काप चुरडत नाहीत. काही ग्रॅम वजनाची ही फिल्म महिनोन् महिने माल कुरकुरीत ठेवते. एवढे काम करायला काच किंवा पत्रा वापरला असता, तर पाच रुपयांचे पाकीट अस्तित्वातच आले नसते. १९८० च्या दशकात शाम्पूच्या पुड्यांनी छोट्या मापाच्या विक्रीचा जो मार्ग दाखविला, त्याच मार्गाने ही पाकिटे वाडी-वस्तीवरच्या टपरीपर्यंत पोहोचली. गरीब ग्राहकाला त्यांनी वस्तू परवडणारी केली, हे नाकारून चालणार नाही.

परंतु जे थर माल टिकवतात, तेच फाडलेल्या पाकिटाला निरुपयोगी करतात. प्लॅस्टिक आणि धातू एकमेकांपासून वेगळे करणे किफायतशीर नाही. पाण्याची पेट बाटली भंगारवाल्याकडे विकली जाते, म्हणून ती कोणी ना कोणी उचलतो. वेफर्सच्या पाकिटांचा किलो भरायला शेकडो पाकिटे वेचावी लागतात आणि त्या किलोला गिऱ्हाईक नसते. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ'सारखी सहकारी संस्था घरोघर पोहोचते. तोरण्याच्या झुंजार माचीखालच्या कपारीत कोण पोहोचणार?

कायद्याने हा प्रश्न ओळखला नव्हता असे नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील जलप्रलयात तुंबलेल्या गटारांतून प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या. त्यानंतर राज्याने २००६ मध्ये अविघटनशील कचऱ्याविषयी कायदा केला. केंद्राच्या २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावे, असे स्पष्ट कलम होते. ती दोन वर्षे पूर्ण होत असतानाच, मार्च २०१८ मध्ये कलमाची भाषा बदलली. ज्यापासून ऊर्जा मिळू शकत नाही किंवा ज्याचा अन्य उपयोग नाही, असेच प्लॅस्टिक बंदीच्या कक्षेत राहिले. सिमेंटच्या भट्टीत जळू शकणारी वस्तू ऊर्जा देतेच, त्यामुळे चकचकीत पाकीट सुटले. एका कलमातील दोन-तीन शब्दांनी डोंगरमाथ्यावरच्या कचऱ्याचे भवितव्य ठरविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच महिन्यात, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्राने प्लॅस्टिक व थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंडाची तरतूद असलेली ही बंदी देशातील कडक बंदींपैकी एक मानली गेली. मात्र उत्पादनाच्या ठिकाणीच मालाला घातलेले वेष्टन तिच्यातून वगळले होते. परिणामी पिशवीतून सुटे शेंगदाणे देणारा दुकानदार दंडाला पात्र ठरला आणि यंत्राने बांधलेले शेंगदाणे विकणारा नाही. किराणा दुकानदारांच्या ओरडीनंतर ५० मायक्रॉनपेक्षा जाड पिशव्यांना सवलत देण्याची वेळ आठवडाभरातच आली. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे पुनर्खरेदी मूल्य छापण्याची चांगली कल्पनाही त्याच अधिसूचनेत होती. ती छापली गेली, पण रिकाम्या पिशव्या परत घेणारी साखळी उभी राहिली नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकवापर प्लॅस्टिकच्या बंदीतही काड्या, चमचे, ताटल्या आहेत. वेफर्सचे पाकीट नाही.

त्याऐवजी फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी निश्चित केली. बहुस्तरीय वेष्टनांसाठी २०२४-२५ मध्ये ३० टक्के आणि २०२७-२८ पर्यंत ६० टक्के पुनर्चक्रीकरणाचे लक्ष्य आहे. कल्पना योग्य आहे, तिच्यातील पळवाट भूगोलाची आहे. कंपनीने गोळा केलेल्या कचऱ्याचे वजन मोजले जाते. तो कोठून गोळा केला याचा हिशेब गावागणिक मागितला जात नाही. मग महानगरातील कचरा डेपोवरून स्वस्तात टनावारी उचलणे सोडून राजगडाच्या सुवेळा माचीवर कोण चढेल?

राजगडाचे नाव येथे मुद्दाम घेतले. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांत राजगड आहे. गर्दी वाढणार हे उघड आहे. किल्ल्यावर येणाऱ्या कचऱ्याची जबाबदारी पुरातत्त्व विभाग, वन विभाग आणि पायथ्याची ग्रामपंचायत यांच्यात विभागलेली आहे आणि यांपैकी कोणाकडेही पाकिटे बनविणाऱ्यांकडून पैसा येण्याची वाट नाही. गिर्यारोहक संस्थांच्या स्वच्छता मोहिमा स्तुत्यच आहेत. परंतु उचललेली पोती गुंजवण्याला किंवा वेल्ह्याला आणल्यावर पुढे कोठे न्यायची, हा प्रश्न उरतोच. ती पेटविली जातात किंवा ओढ्याकाठी साठतात. पुणेकरांनी हा प्रश्न परका मानू नये. पानशेत आणि वरसगाव ही दोन्ही धरणे याच तालुक्यात आहेत आणि त्यांचे पाणी खडकवासल्यामार्गे पुण्याच्या नळांना येते.

अन्यत्र काही प्रयोग झाले आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात मद्याच्या बाटलीवर दहा रुपये अनामत घेणे सुरू झाले. रिकामी बाटली परत दिली की पैसे परत. त्याच वर्षी केदारनाथच्या वाटेवर बाटल्यांवर संकेतचिन्ह चिकटवून अशीच योजना राबविली गेली. गुंजवणे, पाली आणि वेल्हे या पायथ्याच्या गावांत प्रवेशाच्या वेळी पाकिटे-बाटल्या मोजून अनामत घेता येईल. पण ती ग्रामपंचायतीने स्वतःच्या खिशातून चालवायची, की उत्पादकांच्या जबाबदारीच्या रकमेतून, हे शासनाने ठरवायला हवे. दुसरा पर्याय ठरला, तरच ती दोन मोसमांपेक्षा जास्त टिकेल.

प्लॅस्टिक सोडून कागद वापरा, हा सल्ला अर्धाच उपयोगी आहे. चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. 'विघटनशील' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांना खतनिर्मितीच्या प्रकल्पातील उष्णता लागते, ती डोंगरावरच्या गार मातीत मिळत नाही. वेष्टन निवडताना माल कोणता आहे हे पाहावेच लागते. ते कोठे फाडले जाणार आहे, हेही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवे, आणि पाकिटाच्या आराखड्यात आज नेमकी हीच नोंद नसते.

राजगडाच्या पद्मावती माचीवर सुटीच्या दिवशी पायथ्याच्या गावांतून ताक घेऊन लोक येतात. दोन-अडीच तासांची चढण चढून आणलेला ताकाचा कॅन दुपारपर्यंत रिकामा होतो. पेला विसळून पुढच्या गिऱ्हाइकाला दिला जातो. संध्याकाळी कॅन आणि पेले पुन्हा पाठीवर बांधून खाली उतरतात, कारण पुढच्या खेपेचे ताक त्यातच भरायचे असते.